संगणकाचा वेग आणि मदरबोर्डाची परवानगी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. परंतु ते महत्त्व आपणांस ठाऊक नसते तर आपली मुले आज इथे बसलीच नसती. तेव्हा तो भाग मी सोडून देतो आणि एकाच लहानशा तांत्रिक प्रश्नावर बोलतो. प्रश्न असा की, आपल्या घरी असलेल्या किंवा आपण विकत घेणार असलेल्या संगणकाचा मदरबोर्ड ओव्हरक्लॉकिंगला परवानगी देतो की नाही?

विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण माण-हिंजवडी भागातील कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करण्याचे काम मी करीत असल्यामुळे सुटीच्या दिवशी ओळखीचे पालक माझ्याकडे येतात, आणि अलीकडे त्यांच्यातील अनेकांच्या घरी नेमक्या याच प्रश्नावरून वाद झालेला असतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, हा बोर्ड नको, तो घेऊ. तो ओव्हरक्लॉक होतो." अब्बा किंमत पाहतात, तर ती दुप्पट, कधी तिप्पट! चाकणच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून जमविलेली ती रक्कम असते. मुलाला नाही म्हणावे तर त्याच्या शिक्षणाच्या आड येतो की काय अशी टोचणी, आणि हो म्हणावे तर पैसा कशात गेला हे समजत नाही. मुलालाही पुष्कळदा ते नीट सांगता येत नाही. म्हणून हा विषय दोघांनी एकत्र ऐकावा, अशी माझी इच्छा होती.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. प्रोसेसर हा संगणकाचा हिशेबनीस. तो एका ठोक्याच्या तालावर काम करतो. मदरबोर्डावरून त्याला मूळ ठोका मिळतो. आजच्या बहुतेक संगणकांत तो सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्या ठोक्याला एका आकड्याने गुणतो. त्या आकड्याला मल्टिप्लायर म्हणतात. गुणक ४५ असेल तर वेग होतो ४,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच साडेचार गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा वेग आपण वाढविला की झाले ओव्हरक्लॉकिंग. ते दोन मार्गांनी होते. एक तर मूळ ठोका वाढवायचा किंवा गुणक वाढवायचा.

या सभेत टर्नर, फिटर, वेल्डर असलेले पुष्कळ जण बसले आहेत. त्यांना माझे म्हणणे विद्यार्थ्यांच्या आधी समजेल. लेथवर स्पिंडलचा वेग वाढवायचा झाला तर आपण काय पाहतो? हेडस्टॉकच्या गिअरमध्ये तेवढा वेग आहे का, मोटर आणि तिची वायरिंग तो भार सोसेल का, आणि कूलंट पुरे पडेल का. गिअरच नसेल तर पुढचे दोन प्रश्न उद्भवतच नाहीत. गिअर असला आणि वायरिंग बारीक असली तर काय होते, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. संगणकातही असेच आहे. बोर्डाची परवानगी वेगळी आणि बोर्डाची ताकद वेगळी. दुकानात मात्र या दोन गोष्टी एकच असल्याप्रमाणे विकल्या जातात.

परवानगीची गोष्ट आधी घेतो, कारण तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१९९८ साली इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार. गुणाकार केला की ३०० येतात. गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता, ठोका मात्र बोर्डाकडून यायचा. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डांना १०० मेगाहर्ट्झचा ठोका देता येत होता. हौशी लोकांनी स्वस्त सेलेरॉन त्या बोर्डावर बसविला. शंभर गुणिले साडेचार, म्हणजे ४५०! दीडपट वेग, तोही फुकट. आणि आश्चर्य असे की बहुतेक प्रोसेसर ते सहज पेलत. तोच प्रोसेसर त्याआधीच्या ४४०एलएक्स चिपसेटच्या बोर्डावर बसविला तर बिचारा ३०० वरच राहायचा, कारण त्या चिपसेटचा ठोका ६६ मेगाहर्ट्झसाठीच होता. प्रोसेसर तोच, हुकूम बोर्डाचा.

कंपन्यांना कुलूप का लावावे लागले, याचे एक कारण आपल्यासारख्या ग्राहकाच्या हिताचे होते. त्या काळी जगभरच्या बाजारांत कमी वेगाच्या चिपवरील छाप खरवडून त्यावर जास्त वेगाची छाप मारून विकणारे लोक निर्माण झाले होते. ग्राहक ४०० चे पैसे मोजायचा आणि ३०० ची चिप घरी न्यायचा. कुलपामुळे ही फसवणूक बरीच आटोक्यात आली. दुसरे कारण अर्थातच धंद्याचे. स्वस्त माल महाग मालाइतका चालू लागला तर महाग कोण घेणार?

हे दुसरे कारण २०११ साली अगदी उघडे पडले. त्या वर्षीच्या इंटेल प्रोसेसरांत मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झला जवळजवळ जखडून टाकला गेला. चार-पाच टक्क्यांपुढे ढकलला की यंत्र अडखळे. राहिला गुणक. तो फक्त नावाच्या शेवटी 'के' अक्षर असलेल्या प्रोसेसरांना मोकळा ठेवला, जसे आय-५ २५००के. आणि तेवढ्याने भागत नव्हते, बोर्डाचा चिपसेटही तसा हवा. पी६७ चिपसेटवर गुणक वाढविता येई, पण प्रोसेसरमधील चित्रपट्टीचा भाग, म्हणजे ग्राफिक्स, वापरता येत नसे. एच६७ वर ग्राफिक्स चाले, पण प्रोसेसरचा गुणक वाढविता येत नसे. दोन्ही हवे असेल तर त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेला झेड६८ घ्या! यात विज्ञान किती आणि दुकानदारी किती, याचा निवाडा आपण करावा. माझा झाला आहे.

तेव्हापासून इंटेलच्या घरगुती संगणकांपुरता नियम असा पडला आहे: प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्डाच्या चिपसेटचे नाव 'झेड'ने सुरू व्हावयास हवे. झेड९७, झेड१७०, झेड३९०, झेड७९०, झेड८९०. 'एच', 'बी' किंवा 'क्यू'ने सुरू होणारा चिपसेट असेल तर प्रोसेसरचा गुणक वाढणार नाही, असे समजून चालावे. बोर्डाच्या खोक्यावर ज्वाळा आणि सिंहाचे तोंड छापलेले असले तरी अक्षर 'एच' असेल तर उत्तर नाही असेच आहे.

एएमडी कंपनीची चाल निराळी. २०१७ साली त्यांचे रायझेन प्रोसेसर आले तेव्हा त्यांनी जवळजवळ सर्वांचा गुणक मोकळा ठेवला आणि बंधन केवळ बोर्डावर घातले. 'ए'ने सुरू होणाऱ्या ए३२०, ए५२०, ए६२० या स्वस्त चिपसेटांवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग नाही, आणि 'एक्स'वर व बहुतेक 'बी'वर आहे. बी३५०, बी४५०, बी५५०, बी६५० ही त्यांची मधली पायरी. मुलाने हट्टच धरला तर या मधल्या पायरीवर हौस भागते, आणि ती इंटेलच्या झेडपेक्षा बहुधा स्वस्त पडते. इथेही अपवाद आहेत. ५८००एक्स३डी या २०२२ च्या प्रोसेसरचा गुणक एएमडीने बंद ठेवला होता, कारण त्यावर चढविलेला साठवणीचा जादा थर उष्णता व विद्युतदाब यांना नाजूक होता.

अपवाद इंटेलकडेही झाले. २०१४ साली पेंटियम या नावाला वीस वर्षे झाली म्हणून कंपनीने जी३२५८ नावाचा स्वस्त आणि मोकळा प्रोसेसर काढला. त्याच्या नावात 'के' नव्हता, आणि अनेक बोर्ड-कंपन्यांनी तो साध्या एच८१ बोर्डांवरही वाढविता येईल अशी सोय बायोसमध्ये केली. पुढे २०१५ च्या अखेरीस काही बोर्ड-कंपन्यांनी 'के' नसलेले प्रोसेसर मूळ ठोका वाढवून पळविण्याची बायोस दिली आणि २०१६ च्या आरंभी ती मागेही घेतली गेली. ज्यांनी नवी बायोस चढविली त्यांची सोय गेली. म्हणजे परवानगी ही दगडावरची रेघ नव्हे. ती बायोसच्या आवृत्तीबरोबर बदलते. म्हणून बोर्ड-कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाचे पान काढून वाचावे. दुकानदाराचे तोंडी उत्तर, मग तो कितीही ओळखीचा असो, पुरेसे समजू नये.

आता ताकदीकडे येतो. इथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे.

संगणकाच्या पॉवर सप्लायमधून बोर्डाला १२ व्होल्टचा दाब मिळतो. प्रोसेसरला मात्र लागतो साधारण सव्वा व्होल्ट. हा दाब उतरविण्याचे काम बोर्डावर प्रोसेसरच्या भोवती उभ्या असलेल्या भागांकडे असते. त्यांना व्हीआरएम म्हणतात. चौकोनी काळ्या-करड्या ठोकळ्यांची एक रांग दिसते, ते चोक. त्यांच्या लगत लहान मॉस्फेट असतात, बऱ्या बोर्डांवर ते ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली झाकलेले असतात. आता हिशेब करा. १.३ व्होल्टवर १३० वॉट घेणाऱ्या प्रोसेसरला किती अँपिअर लागतील? शंभर! वेल्डर बंधूंना शंभर अँपिअर म्हणजे काय ते माहीत आहे. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला आपण सुमारे तेवढाच करंट ठेवतो. तेवढा प्रवाह तळहाताएवढ्या जागेतून, कागदासारख्या पातळ तांब्याच्या थरांतून, दिवसभर वाहतो. स्वस्त बोर्डावर हे काम तीन-चार चोकांच्या जोड्या उघड्या अंगाने करतात. चांगल्या बोर्डावर तेच ओझे दहा-बारा जणांत वाटले जाते. परवानगी दिली, पण व्हीआरएम दुबळा आहे, असे बोर्ड बाजारात पुष्कळ आहेत. अशा बोर्डावर वेग वाढविला की व्हीआरएम तापतो, मग बोर्ड स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरला मागे खेचतो, आणि वाढविलेल्या वेगाने सुरू केलेले काम मूळ वेगापेक्षाही हळू संपते.

उष्णतेचे गणित विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढविला आणि तो स्थिर राहावा म्हणून दाबही दहा टक्के वाढवावा लागला, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहेतीस टक्के जास्त उष्णता! शंभर वॉटचा प्रोसेसर १३३ वॉटचा होतो. पंख्याचा कूलर खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छपराखालील दुपार काय असते, ते या माण परिसरात राहणाऱ्यांना कोणी सांगावयास नको. परदेशातील वातानुकूलित खोलीत कोणी केलेला प्रयोग पाहून आपण आकडे भरू लागलो तर ते आकडे आपल्या छपराला लागू पडणार नाहीत.

नुसत्या दाबाचे दुष्परिणाम किती खोल जातात, याचे उदाहरण ताजे आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ साली जगभर बंद पडू लागले, अडखळू लागले. अनेकांनी त्यांचे ओव्हरक्लॉकिंग केलेलेही नव्हते. शेवटी कंपनीने सांगितले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त दाब मागत होते आणि त्यामुळे आतील भाग झिजत होता. नवी सूचनावली बायोसमार्फत देण्यात आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली गेली. पण झिजलेली चिप सूचनावलीने बरी होत नाही. ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी बोर्डाची नवी बायोस चढविली आहे ना, हे पाहावे. आणि स्वतः दाब वाढवून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे तर लक्षात ठेवावेच. इंटेलने २०१२ पासून यासाठी वेगळे पैसे घेऊन एक संरक्षण योजना चालविली होती, ती २०२१ साली बंद केली.

मग विद्यार्थी विचारतील, एवढे असूनही हे सारे करावयाचे कशासाठी? १९९८ साली उत्तर सोपे होते, दीडपट वेग मिळे. आज कंपन्या स्वतःच प्रोसेसरला जमेल तेवढा वर पळवितात. टर्बो किंवा बूस्ट म्हणतात ते हेच. हौशी माणसाच्या वाट्याला बहुधा थोडेसेच उरते. प्रोसेसरचा ठोका कायम वाढवीत नेता येणार नाही, हे इंटेलने २००४ सालीच अनुभवले होते. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याची घोषणा त्यांनी त्या वर्षी मागे घेतली, आणि पुढे एका चिपवर दोन, चार, आठ गाभे बसविण्याकडे सारे जग वळले. इथून जवळच, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्याआधीच, १९९१ साली, परम ८००० हा महासंगणक तयार केला तोही याच वाटेने. एकेका प्रोसेसरला दामटण्याऐवजी अनेक ट्रान्सप्युटर एकत्र जोडून. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील त्या कामाविषयी विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

आता आपल्या भागातील खऱ्या परिस्थितीकडे येतो. राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीत आहे. अशा कार्यालयांतून तीन-पाच वर्षांनी संगणक बदलले जातात, आणि जुने यंत्र दुरुस्त होऊन स्वस्तात बाजारात येते. आपल्या बहुसंख्य मुलांचा पहिला संगणक हाच असतो, आणि तो उत्तम असतो असे माझे मत आहे. पण त्यात बहुधा 'क्यू' किंवा 'एच' चिपसेट असतो आणि प्रोसेसर 'के' नसलेला, जसे आय-५ ६५००. पुष्कळदा पॉवर सप्लायची जोडणीही त्या कंपनीच्या खास पद्धतीची असते. अशा यंत्राबाबत आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी नाही असेच येते. त्यावर इंटरनेटवरून कुठली तरी बायोस उतरवून चढविण्याचा खटाटोप कोणी करू नये. एका विद्यार्थ्याने केला होता. प्रवेशअर्जाची मुदत चार दिवसांवर आणि घरातील एकमेव संगणक काळ्या पडद्यावर! बहिणीचा अर्जही त्यातच अडकला. बायोसची चिप काढून पुन्हा लिहून घ्यावी लागली.

अशा यंत्राचा वेग वाढविण्याचे मार्ग वेगळे आहेत. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा, म्हणजे दोन वाटांनी माहिती वाहील. आणि कूलर काढून धूळ झाडा, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. जुन्या यंत्रात पेस्ट वाळल्यामुळे प्रोसेसर सुमारे शंभर अंशांवर जातो आणि स्वतःहून वेग कमी करतो. कित्येक मुले ज्या यंत्राला वाढवू पाहतात ते ठरलेल्या वेगानेसुद्धा चालत नसते.

नवा संगणक घेणाऱ्यांसाठी एक फुकटची गोष्ट सांगतो. रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलेले असते आणि यंत्र ती २१३३ किंवा २४०० वर चालवीत असते, कारण बायोसमधील एक्सएमपी नावाची खूण कोणी केलेलीच नसते. हेही खरे म्हणजे रॅमचे ओव्हरक्लॉकिंगच, पण रॅम बनविणाऱ्याने तपासून दिलेले. एएमडीच्या 'बी' बोर्डांवर ते चालते. इंटेलच्या 'बी' बोर्डांवर २०२१ मधील बी५६० पासून पुढे चालते. त्याआधीच्या बी३६० सारख्या बोर्डांवर रॅमचा वेग ठरावीक मर्यादेतच राहतो. दुकानातून निघण्यापूर्वी तिथेच हे करून घ्यावे.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी या विषयात रस घेते म्हणून रागावू नका. ज्या मुलीला दाबाचा वर्ग का घ्यावयाचा हे कूलरच्या पंख्यावरून समजले, तिला भौतिकशास्त्राचा तो धडा घोकावा लागत नाही. फक्त घरच्या एकुलत्या एक यंत्रावर प्रयोग नको. भंगारात निघालेला, मोकळ्या प्रोसेसरचा एखादा जुना संच मिळाला तर त्यावर होऊ द्या. एका वेळी एकच आकडा बदलावा, तोही एका पायरीने. तापमान वहीत लिहावे. तासभर पूर्ण भार देऊन पाहावे, आणि एकदाही अडखळले तर मागे यावे. दाबाला हात लावण्याआधी नुसत्या गुणकाने किती जाते ते पाहावे. यंत्र सुरूच झाले नाही तर घाबरू नये. वीज काढावी, बोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी काढून काही मिनिटे थांबावे किंवा बायोस पुसण्याच्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. बहुतेक बोर्ड मूळ आकड्यांवर परत येतात.

मंचाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर मी तीन जुने बोर्ड ठेवले आहेत. तिन्हींवरील नावाच्या पट्ट्या मुद्दामच झाकलेल्या नाहीत. कोणता परवानगी देतो ते नावावरून ओळखा, मग व्हीआरएमचे चोक मोजा, आणि परवानगी देणाऱ्यांपैकी कोणत्या बोर्डावर आपण वेग वाढविणार नाही ते मला येऊन सांगा. चहा होईपर्यंत मी तिथेच उभा आहे.